आईच्या म्हणण्यानुसार

कोर्टाच्या तारखेचा कागद चार वर्षं फ्रिजच्या दारावर चिकटलेला होता. चार वर्षांत त्यावर घेवड्याच्या रश्शाचे शिंतोडे उडाले, एक कोपरा फाटला, आणि युलिसाने लहान असताना त्यावर पेन्सिलीने मांजर काढलं. मिकाएला बासिलिओला वाचता येत नव्हतं, पण त्यावरचा आकडा तिला पाठ होता. त्या आकड्याच्या सकाळी तिने तो कागद दारावरून काढून पिशवीत ठेवला.

पेत्रोना गाडी घेऊन आली. पेत्रोना म्हणजे तिची गाववाली, युलिसाची बाप्तिस्म्याची आई, आणि तोंडाने जरा जास्तच सैल. तिने येतानाच मक्याच्या पानात गुंडाळलेले गरम तामाल आणले होते.

"खा," ती म्हणाली. "उपाशी गेलीस आणि न्यायाधीशापुढे चक्कर येऊन पडलीस, तर तो म्हणेल, आयतीच आडवी झालीय, उचला आणि विमानात ठेवा."

"जीभ आवर गं."

"अगं, हसवतेय तुला."

"हसले. झालं? चल आता."

मागच्या सीटवर बारा वर्षांची युलिसा गळ्यापर्यंत बटणं लावून बसली होती. छातीवर मधोमध तिला एक लांब व्रण होता. दोन वर्षांची असताना तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं होतं, आणि शाळेतल्या मुली विचारतात म्हणून ती बटणं कधी उघडत नसे. ती गप्प होती. पण ती एरवीही फारशी बोलत नसे, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

पेत्रोना कोर्टाच्या दारापर्यंत आली नाही. दोन गल्ल्या अलीकडेच तिने गाडी लावली. तिच्याकडे या देशात राहायचे कागद नव्हते, आणि कागद नसलेलं माणूस त्या इमारतीच्या सावलीलाही उभं राहत नाही. कुणाला भित्री म्हणायचं असेल तर म्हणो. अमेरिकेत, ओमाहा शहरात सोळा वर्षं काढलेल्या बाईला कुठे उभं राहायचं हे शिकवावं लागत नाही.

"मी इथेच आहे," पेत्रोना म्हणाली. मग खालच्या आवाजात, "तू नाही आलीस बाहेर, तर पोरीला तरी याच रस्त्याने पाठव."

मिकाएलाने मान हलवली. भीती कशाची हे दोघींना सांगायची गरज नव्हती. पाच वर्षांपूर्वी मांसाच्या कारखान्यावर धाड पडली, तेव्हा मिकाएला आणि तिचा नवरा दिएगो एकाच सरकत्या पट्ट्याशी उभे राहून डुकराच्या खांद्याचे तुकडे करत होते. दोघांना एकाच बसमध्ये घातलं. दिएगोला इथे येऊन आठच वर्षं झाली होती. त्याच्यासाठी कायद्यात काही सापडेना, आणि तीन महिन्यांत तो ग्वातेमालाच्या डोंगरातल्या गावी परत पोचला. मिकाएलाला कोर्टाची तारीख देऊन सोडलं, कारण ती त्याच्या आधी तीन वर्षं आली होती.

"बचावाची तुमच्यापुढे तीन दारं आहेत," वकीलीणबाई इन्ग्रिड सोलबर्ग पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या. बाई साठीच्या, अंगात घरी विणलेला स्वेटर, टेबलावर फाइलींचा डोंगर. "आश्रय मागायचा, तर या देशात आल्यावर वर्षाच्या आत मागायला हवा होता. ते दार बंद झालं. आपणहून निघून जाते म्हणायचं, ते दार कायम उघडं असतं, पण ते बाहेरच जातं. उरलं तिसरं."

तिसऱ्या दाराला तीन कड्या होत्या. पकडण्याआधी दहा वर्षं सलग इथे राहिल्याचा पुरावा हवा. वागणूक स्वच्छ हवी. आणि इथे जन्मलेलं, इथलं नागरिक असलेलं एखादं लेकरू हवं, ज्याचे आई गेल्यावर विलक्षण हाल होतील.

"साधे हाल चालत नाहीत बरं," सोलबर्गबाई म्हणाल्या होत्या. "आई गेली की प्रत्येकच पोर रडतं. कायद्याला त्याहून जास्त लागतं."

कोण कुणापेक्षा किती जास्त रडतं हे मोजणारं सरकारी खातं असू शकतं, हे मिकाएलाला तेव्हा कळलं. पहिल्या दोन कड्या निघाल्या. चर्चच्या फादरने पत्र दिलं, घरमालकाने आणि शाळेने दाखले दिले. तिसरी सगळी युलिसाच्या हृदयावर होती. ऑपरेशनचे कागद होते. दर तीन-चार महिन्यांनी वस्तीतल्या दवाखान्यात दाखवल्याचे कागदही होते. दवाखान्याने गेल्याच आठवड्यात दीडशे पानं एकदम पाठवली आणि सोलबर्गबाईंनी ती तशीच्या तशी कोर्टात दाखल केली.

कोर्टाची खोली लहान होती, खिडकी नव्हती. न्यायाधीश काळ्या झग्यात, चष्मा कपाळावर चढवलेला. मिकाएलाची भाषा कान्होबाल. ती बोलणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं, म्हणून दुभाष्या फोनवर होता. त्याचा आवाज छतातल्या स्पीकरमधून यायचा. गावाकडचाच कुणी होता, पलीकडच्या डोंगरातला, हे त्याच्या हेलावरून कळत होतं. दूर कुठेतरी त्याच्या घरी कुत्रं भुंकत होतं. युलिसा मागच्या बाकावर एकटी बसली. न्यायाधीशांनी मुलीला एकदा डोळ्यांनी बघावं, अशी सोलबर्गबाईंची इच्छा होती.

मिकाएलाने हात वर करून खरं बोलायची शपथ घेतली. सोलबर्गबाईंनी विचारत जायचं आणि तिने सांगत जायचं, असं ठरलेलं होतं. तिने सांगितलं. दोन वर्षांपासून पोरगी चार पायऱ्या चढली की कठड्याला धरून थांबते. थंडीत ओठ निळे पडतात. आडवी होऊन झोपू शकत नाही, पाठीशी उश्या लावून बसल्या-बसल्या झोपते. गावी दिएगोच्या घरापासून हृदयाचा डॉक्टर एक अख्खा दिवस लांब, तोही रस्ता खचला नसेल तर. बोलता बोलता तिचा आवाज स्थिर झाला. सोलबर्गबाईंनी हळूच मान डोलावली.

मग सरकारी वकील उठला. तरुण होता, त्याला सर्दी झाली होती, आणि तो फार नम्र होता. मिकाएलाला नम्र माणसांचीच जास्त भीती वाटायची. कारखान्यात धाडीला आलेले लोकही प्रत्येक वाक्याला 'प्लीज' म्हणत होते.

"मुलीची तब्येत तुम्ही डॉक्टरांना खरी सांगत होता ना, बाई?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्याने कागद उचलले. "मी वाचतो, तुम्ही ऐका. चौदा मार्च. आईच्या म्हणण्यानुसार मूल चांगलं खातं, खेळतं, धाप लागत नाही. दोन जुलै. आईच्या म्हणण्यानुसार काही तक्रार नाही. नऊ ऑक्टोबर. ओठ निळे पडतात का असं विचारलं असता, आईच्या म्हणण्यानुसार, नाही. पुढच्या तपासणीसाठी मोठ्या हॉस्पिटलात पाठवण्याची आत्ता गरज दिसत नाही." त्याने नाक पुसलं. "दोन वर्षांत अशा सात नोंदी आहेत."

छतातला आवाज एकेक वाक्य कान्होबालमध्ये खाली सोडत होता. आपल्या पोरीच्या आजाराचा कागद मिकाएलाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत ऐकला. ती म्हणणार होती की हा दुसऱ्या कुणाचा कागद आहे. मग तारखा तिच्या ध्यानात आल्या. मार्चमधली ती भेट तिला आठवत होती; बाहेर बर्फ वितळत होता.

दवाखान्यात स्पॅनिश दुभाष्या मिळायचा. पण मिकाएलाचं स्पॅनिश बाजारापुरतं. ग्वातेमालाच्या बाईला स्पॅनिश येत नाही हे इथे कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि येत नाही म्हणून सांगायची तिला लाज वाटायची. ती 'सी, सी', म्हणजे हो हो, म्हणत मान डोलवायची आणि निम्मं डोक्यावरून जायचं. पोरगी शाळेत चुरूचुरू इंग्रजी बोलायला लागली तशी ती पोरीलाच मध्ये बसवू लागली. कान्होबाल घरांत सगळ्याच आया असं करतात. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. डॉक्टरीणबाई इंग्रजीत विचारायच्या, युलिसा आईकडे वळायची, आई सांगायची, "सांग त्यांना, जिन्यात थांबते म्हणावं, ओठ निळे होतात म्हणावं." युलिसा पुन्हा वळून भराभर बोलायची. डॉक्टरीणबाई हसायच्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवायच्या, लिहायच्या. मिकाएलाला नवल वाटायचं, की या देशात दुखणं सांगितलं तरी माणसं हसतात.

तिने मागे वळून पाहिलं. युलिसा स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

पोरगी डॉक्टरांशी खोटं बोलली होती, एकदा नाही, सात वेळा. आणि ज्या इमारतीत खोट्याची शिक्षा होते त्याच इमारतीत ती आता बसली होती. नागरिक असली म्हणून काय झालं, पोरांनाही नेतात, असं पेत्रोनाने कुठेतरी ऐकलं होतं. सोलबर्गबाईंनी शंभरदा बजावलं होतं की खोटं बोलू नका, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. ते सगळं तिच्या डोक्यातून पार पुसून गेलं.

"हो," ती म्हणाली. "मीच तसं सांगितलं होतं."

सोलबर्गबाईंच्या हातातलं पेन थांबलं.

"मग तुम्ही डॉक्टरांशी खोटं बोललात," सरकारी वकील तितक्याच नम्रपणे म्हणाला, "की आत्ता इथे बोलताय?"

काहीही म्हटलं तरी ती खोटारडीच ठरत होती, आणि खोटारड्या बाईला तिसरं दार नसतं. खोलीत नुसतं छतातलं कुत्रं ऐकू येत होतं.

"सर," मागून इंग्रजीत आवाज आला. युलिसा उभी होती. "ते मी सांगितलं होतं. आई खरं सांगायची. मी बदलायचे."

दुभाष्या बोलणाऱ्याचा चेहरा बघू शकत नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं की ऐकू येईल ते भाषांतर करायचं. त्यामुळे मिकाएलाने पोटच्या पोरीची कबुली एका परक्या पुरुषाच्या आवाजात, छतातून ऐकली.

"बस खाली," ती कान्होबालमध्ये म्हणाली. "युलिसा, खाली बस. माझं ऐक." आणि दुभाष्याने इमानदारीने तेही इंग्रजीत सांगून टाकलं.

न्यायाधीशांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. त्यांनी दोन्ही वकिलांकडे पाहिलं. कुणी हरकत घेतली नाही. मग त्यांनी मुलीला पुढे बोलावलं, खरं आणि खोटं यातला फरक कळतो का विचारलं, आणि तिला शपथ दिली.

"का बदलायचीस?" त्यांनी विचारलं.

युलिसाला बोलता येईना. ती बाकापासून खुर्चीपर्यंत चालत आली होती, दहा-बारा पावलं, आणि तेवढ्याने तिची छाती वरखाली होत होती. न्यायाधीश थांबले. सरकारी वकीलही कागद खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"बाबांना नेलं तेव्हा आईने सांगितलं होतं," ती अखेर म्हणाली, "बाहेर कुणी काहीही विचारलं तर सांगायचं, आमचं सगळं ठीक आहे. डॉक्टर तर लिहून घेतात. लिहिलेलं कुठेतरी जातं. मी आजारी आहे असं लिहिलं असतं, तर कुणीतरी घरी बघायला आलं असतं. मग त्यांनी आईला बघितलं असतं."

मिकाएलाने हे खरंच सांगितलं होतं. दिएगोला परत पाठवणाऱ्या बसमागे धावून आल्यावर, स्वयंपाकघरात, पोरीचे दोन्ही दंड धरून सांगितलं होतं. ओमाहातल्या त्यांच्या प्रत्येक घरात पोरांना हे सांगतात. मागे कागद उरू द्यायचा नाही, नाव देऊ नका, तक्रार करू नका. कोर्टाला नेमका एक कागद हवा होता, आणि आईला वाचवायला पोरीने तोच दोन वर्षं जपून कोरा ठेवला होता. याच्यावर रडावं की पोरीला कवटाळावं हे मिकाएलाला कळेना. साक्षीदाराच्या खुर्चीत बसून तिला दोन्ही करता येत नव्हतं.

न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी सांगितलं की निकाल आज देत नाहीत. सहा आठवड्यांत मुलीच्या हृदयाची मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण तपासणी करा. दुभाष्या कान्होबालचा हवा, घरचं कुणीही मध्ये बोलणार नाही. रिपोर्ट आला की ठरवू.

बाहेर व्हरांड्यात सोलबर्गबाईंनी युलिसाला पाणी आणायला पाठवलं आणि स्वतःचा फोन स्पीकरवर टाकून दुसरा दुभाष्या लावला.

"ती पानं मी वाचायला हवी होती," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. पण आता लक्ष देऊन ऐका. तुम्ही आत एक वाक्य खोटं बोललात, ते का बोललात हे न्यायाधीशांना दिसलंय. मला वाटतं ते माफ होईल. आता सगळं रिपोर्टवर आहे. रिपोर्ट वाईट आला, तर तुम्ही राहाल."

"आणि चांगला आला तर?"

सोलबर्गबाईंनी फाइल पिशवीत घातली. "मग मी अपील करेन," त्या म्हणाल्या, पण त्यांनी मिकाएलाकडे पाहिलं नाही.

गाडीत पेत्रोनाने दोघींचे चेहरे बघून एकही प्रश्न विचारला नाही, आणि हे तिच्या आयुष्यात क्वचितच घडलं असेल.

"रागावलीस?" युलिसाने विचारलं.

"नाही."

"मग बोल ना काहीतरी."

"काय बोलू? मला न सांगता दोन वर्षं तूच सगळं बोलत होतीस." मग तिने मागे हात करून पोरीचा गुडघा धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

ते सहा आठवडे मिकाएलाने जसे काढले तसे वैऱ्यालाही काढावे लागू नयेत. आधी तिला एकच भीती होती, की आपल्याला नेतील. आता रोज सकाळी दोन भीत्या उठायच्या आणि एकमेकींशी भांडायच्या. पोरगी जिन्यात थांबली की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं, आणि त्याच क्षणी डोक्यात कुणीतरी मोजायचं, तीन पायऱ्या, आज तिसरीलाच थांबली. एके दुपारी युलिसा शाळेतून आली आणि न थांबता वरपर्यंत चढून आली. चेहरा लालबुंद, हसत होती. मिकाएलाच्या मनात पहिलं काय आलं, तर आज नेमकी थांबली नाही. तिला स्वतःचीच इतकी भीती वाटली की तव्यावरची तोर्तिया जळून कोळसा झाली तरी तिला कळलं नाही.

चर्चमध्ये त्यांच्या गावाची राखण करणाऱ्या संतिणीची, सांता एउलालियाची तसबीर होती. मिकाएला तिच्यापुढे तीन रविवार गुडघे टेकून बसली. मागायचं काय हे तिला ठरवता आलं नाही. पोर बरी असू दे म्हणावं, तर पोरीपासून तुटावं लागणार. दुसरं जे होतं ते कुठल्याही आईला देवापुढे तोंडाने म्हणता येत नाही. ती मेणबत्ती लावून तशीच उठायची.

हॉस्पिटलात हृदयाची डॉक्टर तरुण, गंभीर बाई होती. युलिसा कागदी झगा घालून पलंगावर पडली. छातीवर थंड जेल लावलं, यंत्र फिरवलं, पडद्यावर करड्या रंगात काहीतरी उघडझाप होत राहिलं. डॉक्टर एकाच जागी पुन्हा पुन्हा यंत्र टेकवत होती. पाऊण तास तेच चाललं होतं. मिकाएला पडद्याकडे बघत नव्हती. ती डॉक्टरच्या भुवयांकडे बघत होती.

मग डॉक्टरने खुर्ची ओढली आणि टेबलावरच्या फोनकडे वाकून सावकाश सांगायला सुरुवात केली. फोनमधली बाई एकेक वाक्य कान्होबालमध्ये सांगत गेली. झडप पुन्हा खूप अरुंद झाली आहे. हृदयावर दोन वर्षं ताण पडलाय, ते सुजलंय. आधीच यायला हवं होतं. महिन्याच्या आत ऑपरेशन करावं लागेल. या वेळी धोका पहिल्यापेक्षा जास्त आहे. हे सगळं मी रिपोर्टमध्ये लिहीन.

"देवाची कृपा," मिकाएला म्हणाली.

शब्द तोंडातून गेला तेव्हा तिचे खांदे सैल पडले होते आणि डोळे मिटलेले होते. डोळे उघडेपर्यंत फोनमधल्या बाईने आपलं काम केलं होतं. ती क्षणभर अडखळली, मग तेच दोन शब्द तिने इंग्रजीत सांगितले.

डॉक्टर थक्क होऊन बघत राहिली. पलंगावर युलिसा कोपरावर उठून बसली होती आणि कागदी झगा गळ्याशी घट्ट धरून आईकडे बघत होती. तिला दोन्ही भाषा येत होत्या. ती रडत नव्हती. पहिल्यांदा पाहत असल्यासारखी ती आईचा चेहरा बघत होती.

डॉक्टरला वाटलं, बाईंना नीट समजलेलं दिसत नाही. तिने फोनकडे वाकून सांगितलं, की कृपा करून सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगा, हळू सांगा. फोनमधल्या बाईने पुन्हा सुरुवात केली. झडप अरुंद झाली आहे. हृदय सुजलंय. धोका जास्त आहे.

"पुरे," मिकाएला म्हणाली. पोरीकडे मान वळवायची तिची हिंमत होत नव्हती. "डॉक्टरबाईंना सांगा, मला पहिल्याच वेळी कळलं होतं."